गोष्ट अर्धवट असताना पांडुरंगावर भार कसा टाकावा

वाटणीच्या वादानंतर माझ्या थोरल्या भावाने घर सोडले, त्याला अकरा वर्षे झाली. आई रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते आणि वात पुढे सारताना पांडुरंगाला एवढेच विचारते, "अजून किती दिवस रे?" भार टाकणे म्हणजे काय, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो.

प्रथम, मनात जे आहे ते देवापुढे जसेच्या तसे बोलावे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला आणि दुकानाचे दिवाळे निघाले; पुढे ते विठ्ठलाशी जितक्या प्रेमाने बोलले तितकेच कडाडून भांडलेही, आणि त्या भांडणाला वारकऱ्यांनी कधी अश्रद्धा मानले नाही. तेव्हा एकांतात बसून, शक्य तर मोठ्याने, आपले गाऱ्हाणे नावानिशी सांगावे. राग आलेला असताना उसनी स्तुती करू नये.

त्यानंतर आपला वाटा कोणता, ते नीट ठरवावे, आणि माझ्या मते सर्वांत कठीण काम हेच आहे. तुकोबांनी घरची कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याआधी निम्मी खते त्यांनी धाकट्या कान्होबाला दिली, असे परंपरा सांगते. सोडले ते केवळ स्वतःच्या वाट्याचे. भावाने क्षमा करावी की नाही, हे माझ्या वाट्याचे नाही. माझी चूक कबूल करणारे पत्र मात्र माझ्या वाट्याचे आहे, म्हणून ते मी दर दिवाळीला पाठवतो. उत्तर आलेले नाही.

रोजचा नेम लहान ठेवावा, हरिपाठाचे दोन अभंग म्हटले तरी पुरे, परंतु मन लागत नाही म्हणून तो मोडू नये.

आणि दुःखाला घाईने अर्थ चिकटवू नये. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात आयुष्यभर प्रवेश मिळाला नाही. मंगळवेढ्याला कुसाची भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधीही पंढरपूरला महाद्वाराबाहेरच झाली. सानेगुरुजींच्या उपोषणानंतर ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले, तेव्हा १९४७ साल उजाडले होते. याला देवाची योजना म्हणणे मला पटत नाही, कारण दार माणसांनीच लावून घेतले होते, आणि तरीही चोखोबांनी विठ्ठलाला सोडले नाही. म्हणून दुःखात असलेल्या माणसाला "जे होते ते भल्यासाठीच" असे कधीही सांगू नये. त्याच्या घरी भाजीभाकरीचा डबा न्यावा, जवळ बसावे आणि त्याने आपणहून काढल्याशिवाय देवाचा विषय काढू नये.