माइन्त्सच्या चाकांबद्दल लिहिताय? या चुका टाळा

जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या माइन्त्स शहराचं चिन्ह साधं आहे: तांबड्या ढालीवर सहा-सहा आऱ्यांची दोन चंदेरी चाकं, तिरपी, चंदेरी क्रूसाने एकमेकांना जोडलेली. गोंधळ सुरू होतो ‘चाकच का?’ या प्रश्नापाशी.

हमखास मिळणारं उत्तर माइन्त्सच्या आर्चबिशप (मुख्य ख्रिस्ती धर्माधिकारी) विलिगिसचं. तो चाकं घडवणाऱ्या सुताराचा मुलगा. उमराव घराण्यातल्यांनी त्याला हिणवायला भिंतींवर खडूने चाकं काढली, तर या गड्याने चाकच आपली निशाणी केली! गोष्ट मलाही आवडते, जरूर सांगा. पण ‘दंतकथा’ म्हणून. विलिगिस 975 ते 1011 या काळात आर्चबिशप होता, आणि ढालीवर पिढीजात चिन्हं मिरवायची रीत युरोपात रुजली बाराव्या शतकात. म्हणजे मधे शंभरावर वर्षांची फट. गोष्ट चिन्हावरून रचली गेली असावी, चिन्ह गोष्टीवरून नव्हे. ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं वर्तुळात गुंफली की सहा आऱ्यांचं चाकच दिसतं, म्हणून काही अभ्यासक मूळ तिथे शोधतात. तेही अनुमानच, तेव्हा ‘सिद्ध झालं आहे’ असं लिहू नका.

दुसरी चूक फोटोंच्या बाबतीत होते. चाक दिसलं की खाली ‘माइन्त्स शहर’ अशी ओळ टाकून मोकळे! एकच चाक असेल तर थांबा. ते आर्चबिशपांच्या राज्याचं चिन्ह, आणि त्यांची सत्ता दूरवर पसरली होती. थुरिंगियातलं एरफुर्ट शेकडो वर्षं त्यांच्याकडे होतं. त्या शहराच्या तांबड्या ढालीवर आजही एक चंदेरी चाक आहे. तेव्हा आधी चाकं मोजा. दोन असली आणि मधे क्रूस असला, तरच माइन्त्स.

जर्मनीतल्या आजच्या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्याच्या चिन्हातही असंच एक चाक आहे. सोबत ट्रियर आणि फाल्त्स या जुन्या संस्थानांची चिन्हं: ट्रियरचा तांबडा क्रूस आणि फाल्त्सचा सोनेरी सिंह. इथे डाव्या-उजव्याची गफलत ठरलेली. चिन्हशास्त्रात बाजू ठरते ढाल धरणाऱ्याच्या हातावरून, पाहणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे आपल्याला उजवीकडे दिसणारं चाक जर्मन वर्णनात डावीकडचं असतं. शब्दकोश उघडून भाषांतर करणारे इथेच फसतात.

रंगाचं म्हणाल, तर छापील चित्रात चाकं पांढरी दिसली तरी वर्णनात ‘चंदेरी’च लिहा, चांदी पांढऱ्या रंगाने दाखवायची पद्धतच आहे.