चिऊ-काऊच्या गोष्टीवरून मुलांना बातमी लिहायला कशी शिकवायची

आधीच सांगते, मुलांच्या हातात खोटा माईक देऊन "ब्रेकिंग न्यूज, म्हातारी भोपळ्यातून फरार" असं ओरडायला लावलं म्हणजे बातमी शिकवून झाली असं नाही. गॅदरिंगला ते छान दिसतं, बाकी काही नाही. दुसरा प्रकार म्हणजे फळ्यावर कोण, काय, कुठे, कधी, का, कसं लिहायचं आणि "आता उत्तरं लिहा" म्हणून खुर्चीत बसायचं. प्रश्न बरोबरच आहेत हो, पण उत्तरं आणायची कुठनं ते कुणी सांगत नाही, मग मुलं मनातनं लिहून मोकळी होतात.

चौथी ते सातवीच्या मुलांना चिऊ-काऊचीच गोष्ट घ्या. ती सगळ्यांना पाठ असते, घटना एकच आहे, पावसात शेणाचं घर वाहून गेलं, आणि पाऊस काय चीज आहे हे आपल्या खानापूर-बेळगावच्या पोरांना शिकवावं लागत नाही. कन्नड बोलणाऱ्या घरची मुलं वर्गात असतील तर पुण्यकोटी गाय आणि वाघाची गोष्ट पण मस्त चालते. भोपळ्यातली म्हातारी नंतर घ्या, तिच्यात साक्षीदार जास्त आहेत.

आदल्या दिवशी सांगायचं, घरी आज्जीला नाहीतर आईला विचारून गोष्ट ऐकून या. दुसऱ्या दिवशी वर्गात गोंधळ होतो, कारण कुणाच्या घरी चिऊनं शेवटी दार उघडलेलं असतं आणि काऊला चुलीपाशी चटका बसलेला असतो, कुणाच्या घरी दार उघडलेलंच नसतं. पोरं भांडायला लागतात, माझीच खरी म्हणून. भांडू द्या, निकाल अजिबात देऊ नका. दोन्ही फळ्यावर लिहा आणि प्रत्येकीपुढं लिहा, कुणी सांगितलं.

मग एकाला काऊ करा, एकीला चिऊ, एक शेजारी. काऊची मुलाखत चालू असताना चिऊला वर्गाबाहेर पाठवा, एवढं पाळाच, नाहीतर ती त्याचं ऐकून तसंच उत्तर देते. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि वहीत टिपायचे.

आता लिहायला बसवलं की खरी अडचण सुरू होते, आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवते. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक पोर असलं काहीतरी लिहितं: "काल रात्री मुसळधार पाऊस आला. आळशी काऊचं घर वाहून गेलं. चिऊला त्याचा राग आला होता म्हणून तिने दार उघडलं नाही." वाचायला छान आहे, पण ही गोष्टच राहिली, बातमी झालीच नाही. गोष्ट सांगणाऱ्याला सगळ्यांच्या मनातलं कळत असतं, बातमीदाराला कळत नाही. त्यानं डोळ्यानं पाहिलेलं असतं नाहीतर कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, तिसरं काही नसतंच.

म्हणून पेन्सिल घ्यायची आणि वाक्यावाक्याला एकच प्रश्न विचारायचा, "हे तुला कुणी सांगितलं?" चिऊला राग आला होता, कुणी सांगितलं? पोरगं म्हणतं, "बाई, दारच उघडलं न्हाई की तिनं." बरं, मग तेवढंच लिही, दार उघडलं नाही. आळशी कुणी म्हटलं? कुणीच नाही. खोडा. शेजाऱ्यानं म्हटलं असेल तर शेजाऱ्याचं नाव घालून लिहा, आणि मग काऊला पण विचारून या, त्याचं काय म्हणणं आहे ते. आपण सगळे लहानपणापासून काऊला आळशीच म्हणत आलोय, पण त्याची बाजू कधी कुणी विचारली का? हा प्रश्न वर्गात टाकला की मुलं एकदम गप्प होतात आणि मग इतके चांगले प्रश्न विचारायला लागतात की ऐकत राहावं.

दोन गोष्टी कडक पाळा. पहिली, सुरुवातीला क्रियापदं दोनच, "सांगितलं" आणि "म्हणाले". "दावा केला", "कबूल केलं", "आरोप केला" हे सगळं टीव्हीवरनं येतं आणि "कबूल केलं" लिहिलं की चिऊ गुन्हेगार झालीच, तिनं काहीही केलेलं नसताना. दुसरी, "का" सगळ्यात शेवटी. आधी विचारलात की मुलं कारण स्वतः बनवतात आणि मग बाकीचं सगळं त्या कारणाला चिकटवत बसतात.

एवढं झाल्यावर त्याच मुलाची बातमी अशी होते: "शहापूर, प्रतिनिधी. बुधवारी रात्री झालेल्या पावसात काऊ यांचं शेणाचं घर वाहून गेलं. 'मी बऱ्याच हाका मारल्या, पण दार उघडलं नाही', असं काऊ यांनी सांगितलं. 'मी बाळाला अंघोळ घालत होते', असं चिऊ म्हणाल्या." बघा, दोघांचंही आलं आणि कोण चूक ते वाचणारा ठरवेल.

हे सगळं खऱ्या बातमीवर का नाही शिकवायचं, असं मला विचारतात. आपल्याकडं 1 नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटक राज्याच्या स्थापनेची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून मराठी माणसं काळा दिन पाळतात, मुलं दोन्ही बघतात आणि घरात जे ऐकलंय ते घेऊन वर्गात येतात. त्या दिवसावर थेट लिहायला लावलं तर कुणाच्या तरी बापाचं चुकलं असा अर्थ होतो आणि शिकणं राहतं बाजूला. चिऊ-काऊला पक्ष नाही, भाषा नाही, तिथं मुलगा मोकळेपणानं म्हणू शकतो की हे मला माहीत नाही, विचारून येतो. ही सवय लागलेलं मूल पुढं एकाच मोर्चाची बातमी मराठी आणि कन्नड पेपरात शेजारी ठेवून वाचू शकतं, आणि मला तेच पाहिजे आहे.

पुढचं सोपं. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या दोन ओळीत, कमी महत्त्वाचं खाली, जागा कमी पडली तर खालून कापायचं. पाऊस किती झाला ते त्या दिवशीच्या पेपरात तालुकावार मिळालं तर तिथनं घ्यावं आणि पेपरचं नाव लिहावं. हेडिंग सगळ्यात शेवटी, सहा-सात शब्दांत, आणि बातमीत नसलेलं हेडिंगमध्ये नको. "खळबळ" हा शब्द माझ्या वर्गात बंद आहे.

भिंतीवर लावायचं असेल तर 6 जानेवारी धरा, पत्रकार दिन असतो, 1832 ला त्याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण निघालं. त्यानंतरच्या आठवड्यात लगेच खरी बातमी द्या, शाळेतलीच, म्हणजे नळाला पाणी का येत नाही असली. शिपाईमामांना विचारायचं, हेडसरांना विचारायचं, टाकी स्वतः जाऊन बघायची, आणि दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं.