फ्रोझन फ्राइज एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत कसे करावेत

पाकिटावर छापलेले तापमान आणि वेळ काटेकोरपणे पाळूनही एअर फ्रायरमधून निघालेले फ्राइज टोकांना करपलेले आणि मधोमध मऊ असतात, असा अनुभव अनेकांना येतो आणि मग दोष यंत्राला दिला जातो. बहुतेक वेळा तापमान बरोबरच असते. फ्राइजमधून निघणाऱ्या वाफेला बाहेर पडायला जागा मिळालेली नसते, एवढेच. टोपली किती भरावी, ती केव्हा हलवावी, मीठ कधी घालावे, तयार फ्राइज कशात काढावेत, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे वाफेच्या या वाटेशी जोडलेली आहेत. म्हणून कृतीकडे वळण्याआधी फ्राइजमध्ये आणि यंत्रात नेमके काय घडते, ते थोडक्यात पाहू.

कच्च्या बटाट्यात साधारण चार पंचमांश पाणी असते. फ्रोझन फ्राइज तयार करताना बटाट्याचे काप गरम पाण्यातून काढतात, त्यामुळे त्यांतली काही साखर निघून जाते आणि ते थोडे शिजतातही; मग त्यांचा पृष्ठभाग गरम हवेने सुकवतात, ते थोडा वेळ तेलात तळतात आणि लगेच वेगाने गोठवतात. म्हणजे आपल्या हातात येणारा फ्राय अर्धा शिजलेला असतो, त्याच्या अंगात तेल असते आणि त्याच्या बाहेरच्या थरातले बरेचसे पाणी आधीच गेलेले असते. काही प्रकारांवर स्टार्चचा पातळ लेपही असतो. आपल्याला फक्त शेवटचा टप्पा पार पाडायचा असतो, आणि कच्चा बटाटा कापून थेट यंत्रात टाकण्यापेक्षा फ्रोझन फ्राइज एअर फ्रायरमध्ये सहज साधतात, त्याचे कारणही हेच आहे.

एअर फ्रायर २०१० मध्ये फिलिप्सने बाजारात आणला. नावात ‘फ्रायर’ असले, तरी हे यंत्र तळत नाही, भाजते. टोपलीच्या वर तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो आणि तापलेली हवा टोपलीच्या छिद्रांतून वेगाने फिरत राहते. तेलाच्या मानाने हवा उष्णता फार कमी वाहून नेते, त्यामुळे ती सतत हलती राहणे आणि प्रत्येक कापाच्या चारही बाजूंना पोहोचणे आवश्यक असते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे जात नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. पाणी उडून गेल्यावर तापमान चढू लागते आणि साधारण १४० अंशांच्या पुढे तो खरपूस रंग आणि वास झपाट्याने येऊ लागतो. या प्रक्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मेयार यांनी १९१२ मध्ये केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. टोपलीत वाफ कोंडून राहिली, तर पृष्ठभाग सुकतच नाही आणि आपल्याला उकडलेल्या बटाट्याचे लांबट तुकडे मिळतात.

फ्राइज कशासाठीही वितळू देऊ नयेत. ते फ्रीझरमधून काढून सरळ गरम टोपलीत जायला हवेत. गोठताना तयार झालेले बर्फाचे कण बटाट्याच्या पेशी काही प्रमाणात फोडतात. फ्राइज बाहेर ठेवून वितळवले, की ते पाणी झिरपून पृष्ठभागावर येते, काप लिबलिबीत होतात आणि हलवताना मोडतात. गोठलेल्या अवस्थेत टाकल्यास बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी तापून सुकू लागतो आणि आपल्याला तेच हवे असते. पाकिटात भुरभुरीत हिम साचलेले दिसले, तर पाकीट वाटेत किंवा घरी कधीतरी अर्धवट वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता असते. असे फ्राइज टाकून देण्याची गरज नाही, पण ते चाळणीत घेऊन हिम झटकून टाकावे, कारण त्याचा प्रत्येक कण टोपलीत पाणी होणार असतो. उरलेले पाकीट हवा काढून घट्ट बंद करावे आणि उणे १८ अंशांवर ठेवावे.

यंत्र आधी तापवावे की नाही, याबद्दल माहितीपुस्तिकांमध्ये एकवाक्यता नाही. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत रिकामे चालवण्यास मनाई नसेल, तर २०० अंशांवर तीन ते पाच मिनिटे ते जरूर तापवून घ्यावे, असे माझे मत आहे. थंड टोपलीत पडलेले फ्राइज पहिली काही मिनिटे फक्त वितळत राहतात, आणि वर सांगितलेला लिबलिबीतपणा नेमका त्याच वेळात येतो. तापलेल्या जाळीवर पडताच ते चरचरले पाहिजेत.

टोपली किती भरावी

सगळ्यांत जास्त बिघाड होतो तो इथे. टोपली मोठी दिसते, घरात खाणारी माणसे चार असतात, आणि अर्धे पाकीट एकदम ओतण्याचा मोह होतो. साधारण ४ लिटरच्या टोपलीत २५० ते ३०० ग्रॅम फ्राइज पुरे. वजनकाटा नसेल, तर डोळ्यांनी अंदाज घ्यावा: फ्राइज पसरल्यावर मधूनमधून टोपलीची जाळी दिसली पाहिजे, आणि एकावर एक आले तरी सैलसर दोन थरांपेक्षा जास्त असू नयेत. टोपली निम्म्याच्या वर भरली, की खालच्या फ्राइजना हवा लागत नाही आणि त्यांच्यातून निघालेली वाफ वरच्यांना ओली करत वर चढते. अशा वेळी वेळ वाढवूनही उपयोग होत नाही, कारण वरचे करपतात आणि खालचे तसेच राहतात. टोपलीत बटर पेपर किंवा फॉइल अंथरण्याचाही परिणाम हाच होतो. स्वच्छतेचे काम वाचते, पण ज्या छिद्रांतून हवा खेळायची तीच झाकली जातात.

जास्त माणसांसाठी करायचे असल्यास दोन किंवा तीन घाणे काढावेत. पहिला घाणा पूर्ण खरपूस होण्याच्या दोन मिनिटे आधी काढून तारेच्या जाळीवर पसरून ठेवावा. दुसऱ्या घाण्याच्या वेळी यंत्र चांगले तापलेले असते, त्यामुळे त्याला एक-दोन मिनिटे कमी लागतात. तो होत आला, की पहिल्या घाण्यातले फ्राइज त्यावर घालून सगळे मिळून २०० अंशांवर दोन मिनिटे फिरवावेत. या वेळी टोपली भरलेली चालते, कारण बहुतेक पाणी आधीच निघून गेलेले असते आणि वाफ फारशी उरलेली नसते.

तेलाबद्दल बरीच चर्चा होते, पण उत्तर सोपे आहे. लेप असलेल्या फ्राइजना वरून तेल लागत नाही. साध्या, कमी तेलाच्या फ्राइजचा रंग ठिपक्याठिपक्यांनी येत असेल, तर ३०० ग्रॅमला एक लहान चमचा तेल पुरेसे होते. ते टोपलीत न ओतता फ्राइज एका भांड्यात घेऊन त्यांना झटपट चोळावे. तेलाचा पातळ पापुद्रा गरम हवेची उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरवतो आणि रंग एकसारखा येतो. दाबाच्या डब्यातले, लेसिथिन मिसळलेले स्प्रे मात्र टाळावेत, कारण त्यांचा चिकट थर टोपलीच्या नॉनस्टिक लेपावर बसतो आणि पुढे घासूनही निघत नाही.

तापमान, वेळ आणि हलवणे

नेहमीच्या, साधारण १ सेंटिमीटर जाडीच्या फ्राइजसाठी २०० अंशांवर १४ ते १७ मिनिटे धरावीत. काडीसारखे बारीक फ्राइज त्याच तापमानावर १० ते १२ मिनिटांत होतात आणि शेवटच्या मिनिटभरात करपूही शकतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावे. जाड काप आणि फोडी १९० अंशांवर २० ते २२ मिनिटे घेतात. त्यांना थोडे कमी तापमान दिल्याने बाहेरचा रंग गडद होण्याआधी आतला गर गरम होतो. रताळ्याच्या फ्राइजमध्ये साखर जास्त असल्यामुळे १८० अंशांच्या वर जाऊ नये, आणि ते बटाट्याइतके कुरकुरीत होतील अशी अपेक्षाही ठेवू नये. प्रत्येक यंत्राचा पंखा आणि कॉइल वेगळी असल्याने हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावेत, आणि पहिल्या वेळी सांगितलेल्या वेळेच्या तीन मिनिटे आधीच टोपली उघडून पाहावी.

पहिली पाच-सहा मिनिटे फ्राइजना हात लावू नये. या काळात बाहेरचा थर मऊ असतो, लेप असेल तर तो ओलसर असतो, आणि घाईने हलवल्यास काप मोडतात किंवा लेप जाळीला चिकटून निघतो. त्यानंतर टोपली बाहेर काढून जोरात, पण खालचे फ्राइज वर येतील अशा बेताने उसळवावी. नुसती डावी-उजवीकडे हलवली, तर तळाचे तळालाच राहतात. उष्णता वरून येत असल्यामुळे ही उलथापालथ आवश्यक आहे. पुढे दर चार मिनिटांनी हेच करावे. टोपली बाहेर असताना यंत्र थंड होत असते, म्हणून हे काम काही सेकंदांत उरकावे. ट्रे असलेल्या ओव्हनसारख्या यंत्रात उसळवता येत नाही. तिथे अर्ध्या वेळेला फ्राइज उलटावेत आणि वरचा ट्रे खाली, खालचा वर करावा.

फ्राइज झाले हे ओळखायला घड्याळापेक्षा डोळे आणि कान जास्त भरवशाचे. सुरुवातीला टोपली उघडताच वाफेचा लोट येतो, तो शेवटी जवळजवळ थांबतो. ओले फ्राइज हलवताना थपथप आवाज करतात. सुकलेले एकमेकांवर आपटून खडखडतात. एकदा हा फरक कानात बसला, की न उघडताही अंदाज येऊ लागतो. रंग सोनेरी पिवळा झाला, की थांबावे. तपकिरी होईपर्यंत वाट पाहिल्यास चव कडवट होते आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे आरोग्याला घातक ठरू शकणाऱ्या अ‍ॅक्रिलामाइड या रसायनाचे प्रमाण वाढते. स्टार्चयुक्त पदार्थ १२० अंशांच्या वर भाजताना किंवा तळताना त्यांतल्या अ‍ॅस्पॅराजिन या अमिनो आम्लापासून आणि साखरेपासून हा पदार्थ तयार होतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या तपासणीनंतर जगासमोर आले. युरोपीय संघाने २०१७ मध्ये याबाबत अन्नव्यावसायिकांसाठी नियमही केले. घरगुती स्वयंपाकात सोनेरी रंगावर थांबणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे आणि त्यात कुरकुरीतपणा काहीही गमवावा लागत नाही.

मीठ शेवटी घालावे. आधी घातलेले मीठ पृष्ठभागावर पाणी ओढून आणते, आणि गोठलेल्या कापांना न चिकटता निम्मे जाळीतून खालीही पडते. फ्राइज काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत, त्यांच्यावर तेलाची चकाकी असतानाच बारीक मीठ भुरभुरावे, म्हणजे ते सारखे लागते. मिरपूड, लाल तिखट, लसूण पावडर यांनाही हाच नियम. २०० अंशांच्या वाऱ्यात ती जळतात आणि कडू होतात.

काढल्यानंतर

इतकी काळजी घेऊन केलेले फ्राइज खोल भांड्यात ढीग करून वर झाकण ठेवले, की पाच मिनिटांत सादळतात. आतला गर अजून ओला आणि गरम असतो, त्याची वाफ बाहेर येत राहते आणि झाकणाखाली अडकून कोरड्या कवचात मुरते. त्यामुळे ते रुंद ताटात किंवा तारेच्या जाळीवर पसरावेत, सॉस वरून न ओतता बाजूला ठेवावा आणि खाणारी माणसे आधी बसवून मग टोपली काढावी. उघड्यावर ठेवले तरी आतला ओलावा हळूहळू कवचात येतोच, म्हणून दहा मिनिटांच्या आत ते संपावेत. उरलेले फ्राइज दुसऱ्या वेळी १८० अंशांवर तीन-चार मिनिटे ठेवल्यास बऱ्यापैकी पूर्ववत होतात. मायक्रोवेव्हमध्ये ते आतून वाफाळतात आणि कातड्यासारखे चिवट होतात.

यंत्रातून पांढरट धूर येऊ लागला, तर टोपलीखालच्या भांड्यात आधीच्या वेळचे तेल आणि चुरा साचला आहे, असे समजावे. प्रत्येक वापरानंतर टोपली पूर्ण थंड होऊ द्यावी, मग कोमट पाणी, साबण आणि मऊ स्पंज यांनी ती धुवावी. यंत्राचा प्लग काढून, ते थंड झाल्यावर वरच्या कॉइलवरही अधूनमधून ओलसर फडके फिरवावे, कारण तिथे उडालेले तेलाचे थेंब पुढच्या घाण्याला जळका वास लावतात. धुतलेली टोपली कोरडी पुसूनच परत बसवावी.