दमट हवेत नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: कोकणातल्या घरात रोज कसे वापरावेत

गेल्या ऑक्टोबरात ऐन बांगड्यांच्या दिवसांत सलग दोन दिवस आमच्याकडे मासे आले नाहीत. मासेवाली येऊन गेली होती, स्कूटीचा हॉर्नही वाजवून गेली होती. मी माजघरात हेडफोन लावून मुंबईच्या ऑफिसचा जीएसटीचा हिशेब जुळवत बसले होते. सासूबाई मागच्या पडवीतून आल्या त्या थेट समोर उभ्या राहिल्या. "मासेवाली येवन गेली, हाका मारून माझो घसो सुकलो. कान आसत की नाय गो तुका?"

तीन वर्षं मी मालवण तालुक्यातल्या या घरातून काम करते आहे. या काळात दोन हेडफोन झाले, पहिला माझ्याच चुकांनी गेला. हे यंत्र विकत घेताना मिळणाऱ्या पुस्तिकेत दमट हवा, खोबरेल तेल आणि सासूबाई यांच्याबद्दल काही लिहिलेलं नसतं. म्हणून हे सगळं क्रमाने.

पायरी १: कुठला आवाज जातो आणि कुठला जात नाही, ते आधी ओळखा

हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात. आतली चिप त्याची बरोब्बर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा कानाशी एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं होतं. हेडफोनमध्ये ती आणायचं अमर बोस यांच्या मनात आलं १९७८ साली, झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने गाणं धड ऐकू येईना तेव्हा. विमानाची घरघर हा सगळा या गोष्टीचा उगम आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं आपोआप कळतं: सलग, एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज हे यंत्र उत्तम खातं. अचानक येणारा, चिरका, वर-खाली होणारा आवाज त्याला पकडता येत नाही, कारण उलटी लाट तयार होईस्तोवर तो बदललेला असतो.

पहिल्या दिवशी गाणं न लावता नुसते हेडफोन घालून घरभर फिरा आणि आवाज कापायचं बटण चालू-बंद करून पाहा. आमच्या घरातला निकाल असा: विहिरीवरच्या पंपाची घूं जवळजवळ पूर्ण जाते. पंख्याची घरघर जाते, वाऱ्याची सळसळ उरते. शेजारच्या आंब्याच्या बागेत ग्रासकटर चालतो, त्याचा इंजिनाचा भाग जातो आणि वरची किणकिण राहते. पत्र्यावरचा पाऊस निम्मा होतो. मिक्सर थोडा बोथट होतो इतकंच. कावळा, कोंबडा आणि वाडीतलं भांडण जसंच्या तसं येतं, उलट बाकीची घरघर गेल्याने जरा स्पष्टच येतं.

"एवढे पैसे घालून माणसांचे आवाज येतातच" ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. हेडफोन बिघडलेला नसतो. माणसांचे आवाज दाबायचे असतील तर वर हलकंसं काहीतरी लावावं लागतं. मी नुसता तानपुऱ्याचा सूर लावते.

पायरी २: कानावर नीट बसवा

कुशन आणि डोकं यांच्यामध्ये काडीइतकी फट राहिली तरी खालच्या पट्टीतला आवाज तिथून आत शिरतो. चष्म्याची जाड काडी, कानामागून पुढे आलेले केस, कुडी, झुमका, यातलं काहीही फट पाडतं. कुडी तर तासाभराने टोचायलाही लागते. मी कामाला बसताना कुड्या काढून डबीत ठेवते आणि चष्म्याला बारीक काडीची फ्रेम घेतली आहे. फरक लगेच कळतो: बसवल्यावर पंख्याची घरघर दोन्ही कानांत सारखी गेली पाहिजे. एकीकडे जास्त येत असेल तर त्या बाजूला फट आहे.

काही जणांना बटण चालू केल्यावर कान दडपल्यासारखे, घाटात गाडी चढताना होतात तसे वाटतात. प्रत्यक्षात तिथे दाब नसतो. आवाज कापण्याचा स्तर कमी करायची सोय ॲपमध्ये असेल तर मधला ठेवा, पहिले आठ दिवस अर्धा-अर्धा तासच वापरा. तरीही डोकं जड होत असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही.

पायरी ३: मीटिंगला बसण्याआधी एक गैरसमज काढून टाका

आवाज कापला जातो तो तुमच्या कानासाठी. समोरच्याला तुमच्याकडचा कोंबडा ऐकू येतोच. त्याच्यासाठी हेडफोनच्या माइकची वेगळी यंत्रणा असते आणि ती मॉडेलप्रमाणे बरी-वाईट असते. मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या पडवीतल्या कोंबड्याने तिमाही ताळेबंद चालू असताना चार वेळा बांग दिली, मला काहीच वावगं वाटलं नाही आणि पलीकडे अकरा जण हसत होते. आता बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद असतो.

दुसरं म्हणजे, हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीत जातं आणि आवाज जुन्या लँडलाइनसारखा पातळ होतो. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ऐकायला हेडफोन आणि बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. बऱ्याचदा दोन्हीकडचा आवाज सुधारतो.

ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर धरतात, पण तो मोकळ्या जागेतला. आमच्या घराच्या जांभ्याच्या भिंती हातभर रुंद आहेत, एक भिंत ओलांडली की आवाज तुटायला लागतो आणि पावसात भिंत भिजली की आणखी. फोन खिशात ठेवून फिरा.

पायरी ४: घरच्यांना तुमच्यापर्यंत पोचायची वाट ठेवा

बांगडे दोन दिवस हुकल्यावर आमच्याकडे तह झाला. सकाळी नऊ ते अकरा, म्हणजे मासेवाली आणि पाववाला यायच्या वेळेत, बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड चालू. बहुतेक हेडफोनना तो असतो, नावं कंपनीगणिक वेगळी. त्यात माइक टिपलेला आवाज न कापता उलट कानात सोडतात. अकरानंतर बाहेरचा आवाज पूर्ण बंद. त्या वेळात कोणी हाक मारायची नाही, समोर येऊन टेबलावर हात आपटायचा किंवा फोन करायचा. सासूबाई पडवीतूनच फोन करतात आणि मी उचलला की "जेवन वाढलंय" म्हणून ठेवून देतात.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल आणि तुम्ही एकट्याच असाल, तर एक कान उघडा ठेवा. बागेत, पाणंदीत, माडाखालून चालताना दोन्ही उघडे हवेत. पाचोळ्यातली सळसळ आणि वरून नारळ सुटल्याचा आवाज हे दोन्ही ऐकू यायला हवे असतात. दुचाकीवर आणि गाडी चालवताना हेडफोन नकोतच, महामार्गावरचे ट्रक मागून हॉर्न देतात तो आपल्यासाठीच असतो.

पायरी ५: प्रवासात

एसटी म्हणजे या यंत्राचं माहेर. इंजिनाची घरघर सलग, खालच्या पट्टीत. मागच्या सीटवर बसलं तरी कणकवली येईपर्यंत डोकं शांत राहतं. कोकण रेल्वेचं मात्र डब्यावर अवलंबून आहे. एसी डब्यात उत्तम. दिवा पॅसेंजरमध्ये किंवा स्लीपरमध्ये उघड्या खिडकीशी बसलात की वारा थेट माइकवर आदळतो आणि कानात फडफड सुरू होते, जणू कोणी कपडे झटकतंय. अशा वेळी आवाज कापणं बंद करून नुसते घाला, किंवा वाऱ्यासाठी वेगळा मोड असेल तर तो लावा, किंवा आतल्या बाजूला बसा.

रत्नागिरीजवळ करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरताना हवेचा दाब एकदम बदलतो, माइक गोंधळतात आणि कानावरच्या कपांत थडथड होते. पहिल्यांदा मला वाटलं हेडफोन फुटला. काही करायचं नाही, दोन सेकंदांत सावरतो.

आवाजाची पातळी प्रवासातच सगळ्यात जास्त वाढवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी सांगितली आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तासच. साध्या इअरफोनवर गाडीच्या खडखडाटाला मागे टाकायला आपण आवाज चढवत जातो. इथे खडखडाट आधीच उतरलेला असतो, म्हणून निम्म्याच्या आसपास भागतं. आधी बटण चालू करा, मग आवाज वाढवा. उलट क्रमाने केलंत तर चढवलेला आवाज तसाच राहतो.

पायरी ६: दमट हवा, घाम आणि तेल

आता मुख्य गोष्ट. माझा पहिला हेडफोन आवाजाने नाही, हवेने गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एका मीटिंगमध्ये सहकारी म्हणाली, "ताई, गालाला काय लागलंय?" काळे तिळासारखे कण होते. कुशनवरचं कातडं सोलपटून निघत होतं. ते खरं कातडं नसतंच, कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतला ओलावा आणि उष्णता त्याला हळूहळू तोडतात. किनाऱ्यावर जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, मुंबईच्या एसी ऑफिसात चार वर्षं टिकणारं कुशन इथे दोन वर्षांत गळतं.

त्यात खोबरेल तेल. रविवारी डोक्याला तेल चोपडून सोमवारी हेडफोन घातले की कुशन आणि वरची पट्टी तेल पितात, थर फुगतो, चिकट होतो. तेलाच्या दिवशी डोक्याला जुन्या सुती ओढणीची पट्टी बांधा. कुशनवर जाड कापडी खोळ चढवायचा मोह टाळा, फट पडून आवाज कापणं निम्म्यावर येतं.

रोजचा क्रम असा ठेवा. काम झालं की मऊ सुक्या फडक्याने कुशन पुसा. घाम जास्त असेल तर फडकं किंचित ओलं करून आणि घट्ट पिळून. सॅनिटायझर, अत्तर, स्पिरिट नाही. मग लगेच केसमध्ये न कोंबता पंख्याखाली वीस मिनिटं उघडे ठेवा. आतल्या जाळीवर ओलावा असताना झाकण लावलंत तर चार दिवसांत बुरशीचा वास येतो, आणि तो वास जात नाही. त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसकट. मी रंग बदलणारे दाणे वापरते, निळ्याचे गुलाबी झाले की ते भरले. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पुड्या उन्हात वाळवून पुन्हा वापरायची पद्धत आहे, पण दाण्यांना शंभर अंशांच्या वर उष्णता लागते, ऊन पुरत नाही. नव्या घ्या, स्वस्त असतात.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. आमच्याकडे दीर भावोजींनी माझा भिजलेला हेडफोन उकड्या तांदळात पुरला होता. बाहेर काढला तेव्हा चार्जिंगच्या खाचेत पिठूळ कोंडा बसला होता. भिजला तर बंद करा, पुसा, खाच खाली करून पंख्याखाली दोन दिवस ठेवा, आणि पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका. ओल्या खाचेत वीज सोडली की पिना हिरवट पडतात.

कान झाकणाऱ्या बहुतेक हेडफोनना पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही मानांकन नसतं. छोट्या इअरबडवर आयपीएक्स-४ लिहिलेलं असेल तर ते शिंतोड्यांपुरतं, आणि चाचणी गोड्या पाण्याने केलेली असते. तारकर्लीच्या किंवा देवबागच्या वाळूत हेडफोन नेऊ नका. खारा वारा दारातून येतो तेवढा पुरे.

पायरी ७: चार्जिंग

इथे वादळी रात्रीनंतर लाईट दुपारपर्यंत येत नाही, म्हणून काही जण हेडफोन कायम चार्जिंगला लावून ठेवतात. लिथियमची बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर आणि गरम ठेवली की लवकर म्हातारी होते. वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवा, अडीनडीला पॉवर बँक आहेच. दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, तिथे ६० अंशांपुढे जातं. मुंबईला दोन-तीन महिने जाणार असाल तर निम्मं चार्ज करून, बंद करून डब्यात ठेवा. काही मॉडेलना वायर जोडायची खाच असते आणि बॅटरी संपली तरी नुसता आवाज चालतो. घेताना हे बघून घ्या, पावसात फार उपयोगी पडतं.

पायरी ८: आगोटीतच (पावसाळ्याआधीच्या बेगमीतच) कुशन मागवा

घेण्याआधी एकच चौकशी करा: या मॉडेलची कुशनं सुटी मिळतात का आणि घरी बदलता येतात का. पहिल्या वेळी मी ती केली नव्हती. कंपनीने दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवायला सांगितलं, ऐन पावसात ते पार्सल बावीस दिवस फिरलं आणि कुशन मिळत नाही म्हणून तसंच परत आलं. दुसऱ्या हेडफोनची कुशनं फिरवून काढली की निघतात, नवी दाबली की बसतात, पाच मिनिटांचं काम. आता मे महिन्यात सोडे, आमसुलं, पापड यांच्या यादीखाली मी एक कुशनची जोडी आणि सिलिका जेलच्या दहा पुड्या लिहिते. सासूबाई यादी वाचताना तिथे थांबतात, आणि दरवर्षी विचारतात, ही कसली उशी.