किनाऱ्यावरील जुनी चेतक घरच्या घरी दुरुस्त करताना

रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ल्याकडे घराच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली बजाज चेतक पुन्हा चालती करायची म्हटले, की बहुतेक जण आधी इंजिनाला हात घालतात. किनाऱ्यावर मात्र सुरुवात पत्र्यापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. 1972 मध्ये बाजारात आलेल्या या स्कूटरला मोटारसायकलसारखी नळ्यांची वेगळी चौकट नसते. साच्यात दाबून घडवलेला पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून पाय ठेवायची जागा गंजली, तर तो केवळ दिसण्यातला दोष नसून गाडीचा कणाच खचलेला असतो.

प्रथम रबरी मॅट काढावी, कारण तिच्याखाली साचलेला खारा ओलावा पावसाळा संपल्यावरही लवकर सुकत नाही. पत्रा खालून तपासताना जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जागोजागी दाबून पाहावे आणि लोहचुंबक फिरवावे. चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पूर्वी कोणीतरी भोक लांबीने (म्हणजे पुट्टीने) बुजवून वरून रंग दिला आहे, असे समजावे. अशी लांबी पूर्ण खरवडून काढावी आणि कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. वेल्डिंग अनुभवी कारागिराकडेच करवावे आणि त्याआधी पेट्रोलची टाकी व वायरिंग गाडीवरून उतरवावे.

इंजिन उतरवताना क्लच, गिअर आणि ब्रेकच्या केबली, वायरी व पेट्रोलची नळी सोडवल्यावर मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि इंजिन ज्यावर झुलते तो आडवा लांब बोल्ट, एवढेच काढायचे उरते. हा लांब बोल्ट खाऱ्या हवेने बुशमध्ये, म्हणजे तो ज्यातून जातो त्या नळीत, घट्ट धरून बसलेला असतो. दोन-तीन दिवस गंज सोडवणारे तेल मुरवत ठेवावे, नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतपत परत बसवावा आणि मगच लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोकावे. नाहीतर आटे चेपतात.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. गंज घासण्यापूर्वी सारा पत्रा गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावा. मीठ पत्र्यावर राहिले, तर ते प्राइमरखाली ओल ओढून घेते आणि नव्या रंगाला काही महिन्यांतच फोड येतात. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. तसे पाणी या कामाला चालत नाही. धुतल्यावर पत्रा उन्हात कडकडीत सुकवून पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावा आणि त्याच दिवशी प्राइमर मारावा, कारण आपल्या दमट हवेत उघड्या लोखंडावर एका रात्रीतही तांबूस पापुद्रा धरतो. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, ऊन चांगले वर आल्यावर करावे. जून ते सप्टेंबर रंगाला हात लावू नये. त्या महिन्यांत इंजिन घरात घेऊन बसावे.

इंजिन दोन-स्ट्रोकचे असल्याने त्याची रचना सोपी आहे. पिस्टन अडकला असेल, तर किकवर जोर न लावता प्लगच्या भोकातून थोडे पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहावी. उभ्या गाडीची ऑइल सीले कडक होतात. क्लचकडचे सील गळले, की गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो, म्हणून सीले सरसकट बदलावीत. कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकांचे भाग, तारेने न टोचता पेट्रोलने धुऊन हवेने साफ करावेत. सुटे भाग जवळ न मिळाल्यास पुण्याच्या नाना पेठेत चौकशी करावी. जाताना जुना भाग सोबत न्यावा, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या चेतकमध्ये काही भाग वेगळे आहेत.

चाक काढून टायर बदलताना आधी सगळी हवा सोडावी. रिम दोन भागांची असते. हवा भरलेली असताना तिचे नट सैल केल्यास ती उसळून गंभीर इजा होऊ शकते.

जोडणी करताना ॲल्युमिनिअममध्ये जाणाऱ्या प्रत्येक लोखंडी बोल्टला ग्रीस लावावे आणि वायरींच्या टोकांवरील हिरवट थर घासून त्यांवर पेट्रोलियम जेली चोपडावी. ज्या मधल्या उंचवट्यातून केबली जातात, त्याच्या आत गंजरोधक मेण फवारावे. पाणी निथळण्याची भोके रंगाने बुजली असतील, तर ती मोकळी करावीत आणि रबरी मॅट पुन्हा घालू नये.