शाळेचा फोन आला की घरात धस्स का होतं? सहावी ते आठवीच्या पालकांशी बोलताना या चुका टाळा

"काहून मॅडम, का केलं पोट्ट्यानं?"

सातवीतल्या एका मुलाच्या वडलांना फोन लावला, तर पहिलं वाक्य हे आलं. मी अजून नमस्कारही म्हटला नव्हता. ते नागपूरच्या इतवारीत ऑटो चालवतात, मागे हॉर्नचा कल्ला चालू होता. मी म्हटलं, "काही नाही केलं भाऊ. एका पोराची चप्पल तुटली, तर तुमच्या मुलानं आपली काढून त्याला दिली आणि स्वतः मार्चच्या उन्हात अनवाणी घरी गेला. एवढंच सांगायचं होतं." पलीकडे बराच वेळ नुसता हॉर्न. मग दबक्या आवाजात, "म्हणजे शाळेत यायचं नाही न?"

तेव्हा मला शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती. चांगलं सांगायला कोणाच्या घरी फोन करायची ती माझी पहिली वेळ.

सहावी ते आठवी ही वर्षं मोठी फसवी. पाचवीपर्यंत पोरगं डब्यातल्या भाजीपासून भांडणापर्यंत सगळं घरी सांगतं. नववीपासून दहावीच्या धाकानं घरचेच शाळेत चकरा मारतात. मधल्या तीन वर्षांत घराला वाटतं शाळेला माहीत असेल, शाळेला वाटतं घरी कळलं असेल, आणि पोरगं दोघांनाही "काही नाही" म्हणून टाकतं. नेमका याच काळात आवाज फुटतो, पाळी सुरू होते, जिवाभावाची मैत्रीण अचानक दुसऱ्या बाकावर जाऊन बसते आणि हातात फोन येतो. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक माझ्या स्वतःच्या आहेत.

तक्रार असली तरच फोन करणे

लक्षणं ओळखीची आहेत. पालक फोन उचलत नाहीत. बोलावलं तर येत नाहीत. आले तर पोराला घरूनच दोन देऊन आणतात आणि आपल्यासमोर तिसरी देतात. मग स्टाफरूममध्ये आपण म्हणतो, "या पालकांना काही पडलेलीच नाही." पडलेली असते. वर्षानुवर्षं शाळेच्या नंबरावरून फक्त वाईट खबर आली, की माणूस तो नंबर उचलायलाच भितो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तिथून पोळ्यापर्यंत माझी फोनची पहिली फेरी पूर्ण झाली पाहिजे असा नेम मी केला आहे. वर्गात ४२ मुलं. रोज तीन घरं धरली तर शाळेचे १४ दिवस. एक फोन तीन-चार मिनिटांचा. त्यात मुलाबद्दलची एक चांगली गोष्ट सांगायची, तीही मी डोळ्यांनी पाहिलेली. "हुशार आहे, असंच लक्ष असू द्या" हे चालत नाही, ते कोणाच्याही पोराला लागू पडतं. "काल नकाशावर कन्हान नदी तिनं एकटीनं शोधली" हे चालतं. आणि मग एक प्रश्न विचारायचा: घरचं काही असं आहे का, जे मला माहीत असलेलं बरं?

या प्रश्नाला मिळणारी उत्तरं हजेरीपटात कधीच सापडत नाहीत. "आजी गेली मॅडम, तो तिच्याचपाशी झोपे." "याचे पप्पा बुटीबोरीला रात्रपाळीत, मी सकाळी धुण्याभांड्याला निघून जातो. तो एकटाच उठते, एकटाच येते." त्या मुलाला मी महिनाभर उशिरा आल्याबद्दल दाराशी उभं करत होते.

हा काही कोणावर उपकार नव्हे. पालकांच्या नियमित भेटी घेऊन हजेरी, शिकण्याची कुवत, प्रगती आणि मुलाविषयीची इतर माहिती त्यांना देणं हे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे.

फोन कोणाच्या हातात आहे हे न विचारणे

निरोप टाकला, निळ्या खुणा आल्या, आपण निश्चिंत झालो. सभेला मात्र नऊ जण. मी एका आईला विचारलं, "ताई, वाचलं होतं न?" तर त्या मुलाकडे पाहायला लागल्या. फोन दिवसभर त्याच्याजवळ. शाळेचा निरोप आला की तो वाचून उडवायचा. सगळ्या वर्गाचे निरोप त्यालाच सगळ्यात आधी कळत असणार, पोट्टं हुशारच!

आता जुलैतच फॉर्मवर नंबराच्या खाली तीन प्रश्न असतात. हा फोन दिवसभर कोणाजवळ असतो? मराठीत वाचणं सोपं जातं की हिंदीत? वाचण्याऐवजी ऐकणं बरं पडेल का? आमच्याकडे बऱ्याच घरांत हिंदी चालते. काही घरांत पोरांचं सगळं आजीच पाहते आणि तिला वाचता येत नाही. तिच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पुरतो. "सर्व संबंधित पालकांना सूचित करण्यात येते की" अशी सुरुवात करून आपण कोणाशी बोलत असतो, देव जाणे. "उद्या शाळा अकराला सुटेल, मुलांना न्यायला या" एवढं म्हटलं की काम होतं.

एका मुलाची गोष्ट सगळ्यांच्या ग्रुपवर टाकणे

माझ्या हातून झालेली ही सगळ्यात वाईट चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार नवा नाही. तपासणीचे कागद गोळा करायचे होते. कोणाचे राहिले त्यांची नावं मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि एका नावापुढे घाईघाईत लिहिलं, "याचा एसएसचा रिपोर्ट परत द्यायचा आहे." एसएस म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेल आजार असणं. दहा मिनिटांत पुसलं. तोवर ४० घरांत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरं त्याच्या बाटलीचं पाणी पीत नव्हती. सिकलसेल रक्तातून वारशानं येतो, शिवण्यानं किंवा उष्ट्यानं होत नाही, हे मी त्या दिवशी वर्गात दोन तास समजावलं. मुलाच्या आईनं मला एकच प्रश्न विचारला: "याच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी हे कोणी विसरन का मॅडम?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

ही माहिती खरं तर फार मोलाची, पण ती योग्य दोन-तीन माणसांकडे असावी लागते. एसएस असलेल्या मुलाला पाणी कमी पडलं, ऊन लागलं, फार दमछाक झाली किंवा अंगाला गारठा लागला, तर हातापायात असह्य दुखणं उठू शकतं. म्हणून वर्गशिक्षक, खेळाचे सर आणि मुख्याध्यापक यांना ते माहीत हवं. तास चालू असतानाही त्याला पाणी पिऊ द्यायचं, उन्हात मैदानाच्या फेऱ्या लावायच्या नाहीत, दुखतं म्हणाला तर नाटक समजायचं नाही, घरी लगेच फोन करायचा. ग्रुपमधल्या ४० घरांना यातलं काही कळायची गरज नाही.

फी, गुण, आजार, पाळी, भांडणातली नावं, घरातली भानगड यांतलं काहीही ग्रुपवर जाऊ नये. ग्रुप वेळ, तारीख आणि सुट्टीसाठी. मुलांचे फोटो टाकतानाही आधी पालकांना विचारावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, रडून डोळे सुजलेल्या मुलीचा गॅदरिंगमधला फोटो तिला न विचारता कशाला टाकायचा?

दिसलं ते न सांगता निदान सांगणे

"तुमचा मुलगा डिप्रेशनमध्ये गेलाय." "मुलीचं लक्ष भलतीकडेच आहे." अशा वाक्यांनी घर एकतर घाबरतं नाहीतर चिडतं, आणि पुढचं काही ऐकत नाही. निदान करणं आपलं कामही नाही. पाहणं मात्र आपलंच आहे, कारण पाच-सहा तास मूल आपल्यासमोर असतं.

तेव्हा असं सांगावं: "आठ दिवस झाले, डबा भरलेला परत नेतो. मधल्या सुट्टीत बाहेर जात नाही. आधी तिसऱ्या बाकावर बसायचा, आता शेवटच्या. घरी कसा आहे?" मग आई आपोआप बोलते, "हो न मॅडम, रात्री झोपूनच नाही राहिला तो." दोन अर्धे तुकडे जुळतात.

मी काय पाहते? अक्षर अचानक बिघडलं का. गटात घ्यायला कोणी तयार नाही असं कोण. ठरावीक तासालाच पोट कोणाचं दुखतं. मुलींमध्ये आणखी एक, जे पुरुष शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही: दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली. स्वच्छतागृहाला कडी नसते म्हणून त्या पाणी टाळतात, आणि घरी कळतं ते लघवीला जळजळ सुरू झाल्यावर. अशा वेळी फोन घरी करावाच, पण त्याआधी कडी बसवावी.

मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे थेट पागलखाना चौक उभा राहतो. म्हणून मी आधी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर देते. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि घरबसल्या बोलता येतं. मुलासाठी विचारायला पालकांनी फोन केला तरी चालतो. हेही मी मुद्दाम सांगते, कारण बहुतेकांना वाटतं पोरालाच बोलावं लागेल.

गोळीच्या दिवशी सकाळी गोळीचा निरोप

हे थोडक्यात. जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला असतो, अचानक उगवत नाही. चार दिवस आधी कळवा, मुलं जेवून येऊ द्या, थोडं मळमळू शकतं हेही लिहा. लोहाच्या निळ्या साप्ताहिक गोळीनं शौचाचा रंग काळपट होतो, हे आधी सांगितलं नाही तर संध्याकाळी दहा घाबरे फोन येतात. सिकलसेल असलेल्या मुलाला ती गोळी द्यायची की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

"कोणालाच सांगणार नाही" असं वचन देणे

मूल डोळ्यांत पाणी आणून जवळ येतं, आणि आपल्या तोंडून पटकन निघून जातं, "सांग बेटा, कोणाला नाही सांगत." हे वचन देऊ नका. त्याऐवजी म्हणा, "तुला सांभाळायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन."

कारण गोष्ट लैंगिक अत्याचाराची निघाली, तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल" किंवा "घरच्यांनी मिटवलं" ही कारणं तिथे चालत नाहीत. याच एका ठिकाणी माझा वरचा सगळा सल्ला उलटा होतो: त्रास देणारा घरातलाच असेल, तर सवयीनं आधी घरी फोन लावायचा नाही. मुख्याध्यापक, पोलीस, आणि चाइल्डलाइनचा १०९८. मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा चौघांपुढे सांगायला लावायची नाही.

राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, हे किती पालकांना माहीत आहे ते पुढच्या सभेत विचारून पाहा.

सभा मंगळवारी दुपारी दोनला

रोजीवर जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. वर तिला गुणपत्रिकेसाठी रांगेत उभं करून सगळ्यांसमोर "गणितात कच्चा" ऐकवायचं. ती पुढच्या वेळी का येईल? आम्ही सभा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवायला लागलो, गुणांचा विषय वेगळ्या दिवशी नेला, आणि संख्या बरी झाली. फार नाही, पण बरी.

पालकांनो, तुमच्याही दोन

एक, "आज शाळेत का झालं?" या प्रश्नाला सातवीतलं पोरगं "काही नाही" हेच म्हणणार. "मधल्या सुट्टीत कोणासोबत होतास?" असं विचारून पाहा, आणि शक्यतो समोरासमोर बसवून नको. गाडीवर मागे बसला असताना किंवा पोळ्या लाटता लाटता विचारा. नजरेला नजर नसली की ही पोरं जास्त बोलतात.

दोन, घरात काही घडलं तर शाळेला एक ओळ कळवा. मरण, आजारपण, नवराबायकोचं वेगळं राहणं, काम सुटणं. तपशील नको. "घरी थोडं कठीण चालू आहे, सांभाळून घ्या" एवढंच पुरे. त्या दिवशी गृहपाठावरून पोराला बोलणी बसणार नाहीत.

सांगून विसरून जाणे

डबा परत नेणाऱ्या मुलाच्या घरी मी फोन केला आणि मग सहामाहीच्या गडबडीत विसरून गेले. तीन आठवड्यांनी आईचाच आला: "मॅडम, आता जेवते का तो?" तेव्हापासून एक शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, काय दिसलं, कोणाशी बोलले, आणि आठव्या दिवसाची तारीख. आठव्या दिवशी सांगण्यासारखं काही नसलं तरी फोन करायचा.

या वर्षीच्या वहीत ३५ घरं झाली. सात उरली आहेत. त्यांतल्या तिघांचा नंबर लागतच नाही. शनिवारी शाळा सुटली की पारडीला जाऊन येते, दोन घरं तिकडलीच आहेत.