आरएफ प्रोब जोडण्याआधी मीटरचा रोध मोजा

हॅम ट्रान्समीटरची पॉवर मोजायची, तर ७ मेगाहर्ट्झच्या आरएफवर (रेडिओ फ्रिक्वेन्सीवर) मल्टिमीटरची एसी रेंज काही कामाची नाही. स्वस्त मीटरमध्ये ती काहीशे हर्ट्झपर्यंतच धड चालते. म्हणून आरएफचं डीसी करून मीटरला देणारा डायोडचा प्रोब. सर्किट ठाऊक असेलच: टोकाला ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, त्याच्या दुसऱ्या पायापासून ग्राउंडला १एन३४ए हा जर्मेनियम डायोड (त्याच्यावरची पट्टी कपॅसिटरकडे), कपॅसिटरच्या त्याच पायापासून ४.७ मेगचा (मेगओहमचा) रेझिस्टर मीटरकडे. मीटर डीसी व्होल्टवर.

नवे लोक फसतात ते या ४.७ मेगपाशी. डायोड आणि कपॅसिटर मिळून देतात ते पीक, म्हणजे लहरीच्या शिखराचं व्होल्टेज. हा रेझिस्टर आणि मीटरचा स्वतःचा रोध मिळून त्याचं ०.७०७ पट, म्हणजे आरएमएस (पॉवरच्या हिशेबाला लागणारं व्होल्टेज) करतात. पण ४.७ हा आकडा ११ मेगच्या जुन्या व्हीटीव्हीएमचा (व्हॅक्यूम ट्यूबच्या व्होल्टमीटरचा)! १० मेगच्या डिजिटल मीटरवर तो चारेक टक्के कमी दाखवतो, ते चालून जातं. डीटी-८३० सारख्या मीटरचा रोध मात्र १ मेगच असतो, तिथे रीडिंग थेट चौथ्या हिश्श्यावर येतं. पॉवर काढताना व्होल्टचा वर्ग होतो, त्यामुळे चूक सोळापट. ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) ५ वॅट म्हणजे १५.८ व्होल्ट, मीटर दाखवणार ३.९, हिशेब निघणार ०.३ वॅट. मग पॉवर येत नाही म्हणून ड्राइव्ह आणि बायस वाढवत जायचं, आणि धडधाकट सेटमधला आयआरएफ५१० हा पॉवर ट्रान्झिस्टर जाळायचा. ‘४.७ लाव, होतंय’ म्हणणाऱ्या गुरूला आधी विचारा, कुठल्या मीटरला?

तपासणी सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी मोजा, मग मीटरच्या लाल वायरीत १ मेगचा रेझिस्टर घालून पुन्हा मोजा. ८.२ च्या आसपास आलं तर मीटर १० मेगचा, ४.५ आलं तर १ मेगचा. ४.७ मेगच्या जागी १० मेगच्या मीटरसाठी ३.९ मेग आणि २२० के (किलोओहम) सिरीजमध्ये लावा. १ मेगसाठी ३९० के आणि २२ के. एवढं केलंत तर दीडदोनशे रुपयांच्या मीटरवरही पॉवरचा भरवशाचा अंदाज येतो, महागड्या मीटरसाठी अडून बसू नका.

डायोडवर पीकच्या दुप्पट उलटा व्होल्टेज येतो. १एन३४ए साधारण ६० व्होल्ट सोसतो, त्यामुळे २० व्होल्ट आरएमएसच्या वर प्रोब नेऊ नका. जर्मेनियम म्हणून भलताच डायोडही हातात पडतो. डायोड रेंजवर ०.६ दाखवला तर तो सिलिकॉन, परत करा. अर्ध्या व्होल्टाखालच्या रीडिंगवर विश्वास नको, तिथे डायोड नीट उघडतच नाही. तिथे फक्त जास्त-कमी बघायचं.

डमी लोडला वायरवाउंड रेझिस्टर चालत नाही, त्यात कॉइल असते. १ के, १ वॅटचे २० मेटल फिल्म समांतर जोडा. ग्राउंडची क्लिप आखूड ठेवा, आणि ऑसिलेटरला प्रोब लावताना बफरच्या (ऑसिलेटरनंतरच्या, त्याच्यावर भार न येऊ देणाऱ्या टप्प्याच्या) आउटपुटला लावा, नाहीतर प्रोबच्या कपॅसिटन्सनेच फ्रिक्वेन्सी सरकते.